एलएलएमच्या आधी कांद्याची अधिसूचना वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: राहुरीहून बी.एस्सी. ॲग्री झालं, सध्या पुण्यात एलएलबीचं दुसरं वर्ष चालू आहे, घरची निफाडला द्राक्षबाग आहे. शेतमाल आणि अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा शिकायचा आहे. आधी काय वाचू, एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, परदेशात जाऊ का, आणि या विषयावर पोट भरतं का?

मी 22 वर्षं हेच काम करते. माझ्याकडे येणाऱ्या फाइली द्राक्षाच्या, बेदाण्याच्या, आंब्याच्या, कांद्याच्या, थोड्या हळदीच्या आणि साखरेच्या. त्यामुळे उत्तरही त्याच मालातून देते. माझं माहेर तासगावचं आहे, बेदाण्याच्या शेडवर लहानपण गेलं, हे आधीच सांगून ठेवते. थोडा पक्षपात होणार.

बहुतेक विद्यार्थी जाडजूड पाठ्यपुस्तक आणतात आणि पहिल्या प्रकरणापासून सुरू होतात. गॅटचा, म्हणजे जागतिक व्यापाराच्या मूळ कराराचा, इतिहास, मग सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचं तत्त्व, मग राष्ट्रीय वागणूक. चौथ्या प्रकरणापर्यंत झोप येते. मलाही आली होती. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एकच गोष्ट करायला लावते. एक पीक धरायचं, एखाद-दोन वर्षांचा काळ धरायचा आणि त्या काळात त्या पिकावर सरकारने काढलेला प्रत्येक कागद तारखेनुसार लावायचा. मग प्रत्येक कागदाला विचारायचं: हा काढायचा अधिकार तुला कोणत्या कायद्याने दिला, आणि जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओच्या) करारांत, तुझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय?

तुम्ही निफाडच्या, म्हणजे कांदाही घरचाच. ऑगस्ट 2023 ते एप्रिल 2025 हा काळ घ्या. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि लासलगावला लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं. 8 डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क मागे ठेवून. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 वर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही संपलं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यात फरक काहीच नाही. तिन्ही वेळा भाव पडला. वकिलाच्या दृष्टीने मात्र ही तीन वेगळी जनावरं आहेत. शुल्क अर्थ मंत्रालयाने सीमाशुल्क कायद्याखाली लावलं. किमान मूल्य आणि बंदी विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, 1992 च्या विदेश व्यापार (विकास व विनियमन) कायद्याखाली आणली. कोर्टात जायचं तर प्रतिवादी वेगळा, मुद्दे वेगळे.

आता गॅटचा अनुच्छेद 11 काढा. त्यात निर्यातीवर बंदी किंवा बंधन घालायला मनाई आहे, पण वाक्याच्या सुरुवातीलाच एक पळवाट आहे: शुल्क, कर आणि इतर आकार वगळून. म्हणजे 40 टक्के शुल्क या अनुच्छेदात बसतच नाही. किमान मूल्य बसतं का? ते शुल्क नाही, पण ठरावीक भावाखाली माल जाऊ देत नाही. याचं उत्तर शोधायला तुम्हाला 1988 च्या गॅट पॅनेलच्या, म्हणजे वाद सोडवणाऱ्या तज्ज्ञ मंडळाच्या, एका निवाड्यापाशी जावं लागेल, आणि तो निवाडा शेतमालाचा नसून जपानच्या सेमीकंडक्टरचा आहे. ठरावीक किमतीखालची निर्यात अडवणं हे बंधनच आहे, असं त्या पॅनेलने धरलं. कांद्याच्या प्रश्नाचं उत्तर चिपच्या प्रकरणात सापडतं, तेव्हा या विषयाची गोडी लागते. निदान मला तेव्हा लागली.

बंदीसाठी त्याच अनुच्छेदात अपवाद आहे: अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरता उपाय. ‘तात्पुरता’ म्हणजे किती आणि ‘गंभीर’ म्हणजे केवढी, यावर चीनच्या कच्च्या मालाच्या प्रकरणात डब्ल्यूटीओच्या अपिलीय मंडळाने 2012 साली बरंच लिहिलंय. आणि त्यावर डब्ल्यूटीओच्या कृषी कराराचा अनुच्छेद 12 आहे: अन्नपदार्थाची निर्यात रोखणाऱ्या देशाने आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा, शक्य तितकी आधी लेखी सूचना द्यावी. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण त्या विशिष्ट पदार्थाचा तो देश निव्वळ निर्यातदार असेल तर सूट नाही. भारत कांद्याचा निव्वळ निर्यातदार आहे. पुढचं तुम्ही लिहा. हा एक सराव नीट केलात तर गॅट, कृषी करार, सीमाशुल्क कायदा आणि विदेश व्यापार कायदा चारही हाताखालून जातात.

यातला सगळ्यात कोरडा भागही सोडू नका. 8 डिसेंबरच्या त्या बंदीच्या वेळी माझ्याकडे एक निर्यातदार आला. कंटेनर बंदराच्या वाटेवर. अख्खी फाइल फिरत होती एका प्रश्नाभोवती: अधिसूचना निघाली त्या क्षणी माल सीमाशुल्काच्या ताब्यात गेला होता का, शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्काकडचा निर्यातीचा अर्ज, कधी दाखल झालं, जहाज धक्क्याला लागलं होतं का. विदेश व्यापार धोरणातला परिच्छेद 1.05 संक्रमणकाळाबद्दल बोलतो. तो परिच्छेद आणि अधिसूचनेतल्या सवलतीच्या ओळी एवढंच आमचं शस्त्र होतं. अनुच्छेद 11 वरचं माझं ज्ञान त्या दिवशी कोणी विचारलंही नाही.

द्राक्षाकडे येते, कारण तिथे कायद्याचा दुसरा खांब आहे: एसपीएस करार, म्हणजे स्वच्छता व वनस्पती-आरोग्याचे उपाय. 2010 ची गोष्ट तुमच्या वडिलांना तोंडपाठ असेल. सीसीसी, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड, युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि आपले कंटेनर अडकले. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते रसायनच नव्हतं. म्हणजे आपल्या प्रयोगशाळेचा अहवाल खोटा नव्हता. त्याला तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता. घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते इथे बघा. जिनिव्हात भांडायला यात फारसं काही नव्हतं. उपाय घरीच होता, आणि तो झाला. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण अपेडा मिळून दर हंगामाला तपासायच्या रसायनांची यादी ठरवतात, ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर प्लॉटची नोंद असते, नमुना त्या प्लॉटचा घेतला जातो. ही सगळी यंत्रणा युरोपच्या 396/2005 या नियमाला दिलेलं उत्तर आहे. त्या नियमात ज्या रसायनाला वेगळी मर्यादा नाही त्याला आपोआप 0.01 मिलिग्रॅम लागू होते. म्हणजे 100 टन द्राक्षांत 1 ग्रॅम. हा आकडा घरी सांगून बघा, पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर, पाळण्यावर वाद राहणार नाही.

कृषी पदवी असल्याचा तुम्हाला इथे मोठा फायदा आहे. माझ्यासारख्या निव्वळ वकिलाला रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, अहवाल वाचायला शिकावं लागलं. मापनाची अनिश्चितता म्हणजे काय हे मी एका प्रयोगशाळेच्या बाकावर बसून समजून घेतलं. तुम्ही तिथून सुरुवात करताय.

आंब्याचं प्रकरण जास्त बोधप्रद आहे. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि चार भाज्या, वांगं, अळू, कारलं, पडवळ, बंद केल्या. कारण सांगितलं की 2013 मध्ये 207 खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या. हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे ओरड झाली ती ‘संरक्षणवाद’ अशी. पण एसपीएस कराराने देशाला स्वतःच्या शेतीचं रक्षण करायचा हक्क दिलेलाच आहे. अट एवढीच की त्याला शास्त्रीय आधार हवा, धोक्याचं मूल्यमापन हवं आणि गरजेपेक्षा जास्त व्यापार अडवायचा नाही. 207 हा आकडा समोर असताना खटला उभा करणं अवघड होतं. आपण पॅकहाऊस सुधारले, गरम पाण्याची प्रक्रिया आणली, आणि जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरची बंदी उठवायचा निर्णय झाला. भाज्यांना आणखी थांबावं लागलं. अमेरिकेची वाट वेगळी. तिथे 2007 साली हापूस गेला तो लासलगावच्या विकिरण केंद्रातून. ते केंद्र मुळात कांद्यासाठी बांधलेलं. आणि मे 2025 मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या सुमारे 15 खेपा अमेरिकेने नाकारल्या. कीड सापडली म्हणून नव्हे, विकिरणाच्या नोंदीचा फॉर्म नीट नव्हता म्हणून. या व्यवसायात कागद हाही मालच असतो.

याच करारात आपण हरलेला एक खटला आहे आणि तो मी प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात वाचायला देते. बर्ड फ्लूच्या कारणाने भारताने अमेरिकेची कोंबडी अडवली होती. अमेरिकेने दावा लावला, प्रकरण क्रमांक 430. 2014 ला पॅनेल आणि 2015 ला अपिलीय मंडळ, दोन्हीकडे भारत हरला. धोक्याचं मूल्यमापन केलेलं नव्हतं आणि रोगमुक्त प्रदेशाची संकल्पना, करारातला अनुच्छेद 6, आपण मान्यच केलेली नव्हती: एका राज्यात रोग आढळला की अख्खा देश बंद. आता हेच उलटं करून बघा. उद्या कोकणातला एखादा पट्टा फळमाशीमुक्त ठेवला आणि ब्रुसेल्सला सांगायचं झालं की बाकी भारताकडे बघू नका, या पट्ट्याकडे बघा, तर आधार कोणता? तोच अनुच्छेद 6. जो खटला दिल्लीत पराभव म्हणून वाचला गेला तो रत्नागिरीच्या बागायतदाराच्या वकिलाने हत्यार म्हणून वाचायला हवा. आयातदार म्हणून हरलेला मुद्दा निर्यातदार म्हणून कामी येतो. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी वाचणारी माणसं फार थोडी आहेत.

कृषी करारातलं अनुदानाचं गणित तुम्हाला टाळता येणार नाही. त्याला घाबरूही नका. त्यासाठी ऊस घ्या. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 मध्ये भारताविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर 2021 मध्ये पॅनेलने सांगितलं की 2014-15 ते 2018-19 या पाच हंगामांत भारताने उसाला उत्पादनमूल्याच्या 10 टक्के या मर्यादेहून जास्त आधार दिला. भारताचं म्हणणं साधं होतं: एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नाही, सरकार ऊस खरेदीही करत नाही, मग अनुदान कसलं? पॅनेलने ते मानलं नाही. बाजारभाव-आधार मोजताना सरकारने खरेदी केली की नाही हा प्रश्नच येत नाही. सरकारने भाव बांधून दिला की पुरे. मोजायची रीतही तशीच. आजचा बांधलेला भाव वजा 1986 ते 88 चा संदर्भ भाव, गुणिले पात्र उत्पादन. जवळपास 40 वर्षांपूर्वीच्या भावाशी आजची तुलना, आणि महागाईचा हिशेब जवळजवळ नाहीच. या सूत्रावर माझं मत विचाराल तर ते अन्याय्य आहे, आणि ते आपण सही करून स्वीकारलं हेही तितकंच खरं. भारताने अपील केलं. डिसेंबर 2019 पासून अपिलीय मंडळ बसतच नाही, त्यामुळे ते अपील पोकळीत लटकलंय. कोल्हापुरात एफआरपीवरून होणाऱ्या आंदोलनांचा जिनिव्हाच्या कागदाशी संबंध असतो हे आंदोलकांना सहसा कोणी सांगत नाही.

बांधील शुल्काचा, म्हणजे आयातशुल्क कुठवर वाढवता येईल त्या मर्यादेचा, तक्ताही एकदा उघडा. भारताची सर्वसाधारण रीत कच्च्या शेतमालाला 100 टक्के, प्रक्रिया केलेल्याला 150, खाद्यतेलाला 300. पण सोयाबीन तेलाला फक्त 45. लातूरचा सोयाबीन शेतकरी आयात तेलावर शुल्क वाढवा म्हणतो तेव्हा हे छत डोक्यात ठेवून बोलायचं.

मुक्त व्यापार करार, यूएई (2022 पासून लागू), ऑस्ट्रेलिया, जुलै 2025 मध्ये सह्या झालेला ब्रिटन, हे सगळे वाचा, पण एवढं लक्षात ठेवून की शुल्क शून्य झालं तरी रेसिड्यूची मर्यादा तिथेच असते.

आता पोटाचं. माझ्याकडच्या दहातल्या सात फाइली जिनिव्हाच्या नसतात, खरेदीदाराशी झालेल्या भांडणाच्या असतात. अगदी सुरुवातीची एक सांगते. द्राक्षाचे काही कंटेनर युरोपात गेले, भाव आधी ठरलेला नाही, विकून पैसे पाठवायचे असा बोलीचा व्यवहार. दोन महिन्यांनी तिकडून हिशेब आला: रिपॅकिंग, शीतगृह, दर्जाची कपात, कमिशन, आणि शेवटी निर्यातदारानेच काही हजार युरो देणं. बाजार समितीत याला आपण उलटी पट्टी म्हणतो. करार म्हणजे तीन ई-मेल. कोणत्या देशाचा कायदा, कुठलं न्यायालय, दर्जाची तक्रार किती तासांत करायची, पाहणी कोण करणार, काहीच नाही. मी तोवर विक्रीच्या कायद्याची पुस्तकं घेऊन बसले होते. माझे ज्येष्ठ म्हणाले, ‘अहो, ही विक्री कुठेय? ही आडत आहे.’ एका वाक्यात फाइल बदलली. विक्री नसेल तर तो खरेदीदार नाही, एजंट आहे. आणि एजंटाने हिशेब द्यावा लागतो, पावत्या दाखवाव्या लागतात. पैसे पूर्ण आले नाहीत, पण उलटी पट्टी सरळ झाली.

म्हणून भारतीय करार कायदा, माल विक्री कायदा आणि एजन्सी हे विषय एलएलबीला ढकलून पास होऊ नका. 1980 च्या आंतरराष्ट्रीय माल विक्री कराराचा भारत सदस्य नाही, नेदरलँड्स आणि जर्मनी आहेत. त्यामुळे तुमच्या करारात डच कायदा लिहिला तर तो आंतरराष्ट्रीय करार मागच्या दाराने लागू होऊ शकतो, हा बारकावा माझ्या काही अशिलांना महागात पडलाय. इन्कोटर्म्स 2020, म्हणजे माल पोचवण्याच्या अटींचे ठरलेले अर्थ, पाठ करा, विशेषतः एफओबी (जहाजाचं भाडं खरेदीदाराचं) आणि सीआयएफमध्ये (भाडं व विमा विक्रेत्याचा) जोखीम नेमकी कुठे हस्तांतरित होते ते. दोन्हीकडे ती जहाजावर माल चढतो तिथेच जाते, सीआयएफमध्ये पोचवायचं भाडं तुम्ही भरत असलात तरी. हे न कळल्यामुळे होणारी भांडणं मी दर हंगामाला बघते. पेंड, कडधान्यं यांचे करार बहुधा गाफ्टा या व्यापारी संघटनेच्या नमुन्यावर होतात, खाद्यतेलाचे फॉस्फा या संघटनेच्या. दोन्हीकडे लवाद लंडनचा, कायदा इंग्लंडचा. त्या निवाड्याची अंमलबजावणी इथे 1996 च्या लवाद कायद्याच्या दुसऱ्या भागाखाली होते. लातूर-सोलापूरकडे हे नीट जाणणारे वकील फारच थोडे आहेत, तिथे काम वाट बघतंय.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. परदेशी एलएलएम लगेच करू नका, दोन वर्षं काम करून जा. तेव्हा काय विचारायचं हे कळलेलं असतं. व्यापार कायद्यासाठी बर्नचं वर्ल्ड ट्रेड इन्स्टिट्यूट चांगलं. कृषी आणि अन्न कायद्याचा स्वतंत्र एलएलएम अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात आहे. नेदरलँड्सच्या वाखेनिंगनला फूड सेफ्टीच्या एम.एस्सी.त अन्नकायदा घेता येतो आणि तुमच्या कृषी पदवीला ही वाट जवळची आहे. दिल्लीत आयआयएफटीच्या छत्राखाली डब्ल्यूटीओ अभ्यास केंद्र आणि सेंटर फॉर ट्रेड अँड इन्व्हेस्टमेंट लॉ आहे, तिथली इंटर्नशिप मी कोणत्याही महागड्या सर्टिफिकेटच्या वर ठेवेन. डब्ल्यूटीओचे स्वतःचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत. कॉलेजातून जॉन एच. जॅक्सन मूटला, म्हणजे व्यापार कायद्याच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेला, संघ जात नसेल तर तुम्हीच उभा करा.

आणि आजच करण्यासारखं एक: ई-पिंग नावाची फुकट सेवा आहे. देशांनी काढू घातलेल्या एसपीएस आणि तांत्रिक नियमांच्या सूचना त्यावर येतात, आणि मत द्यायला साधारण 60 दिवस असतात. द्राक्ष, आंबा, हळद एवढे शब्द आणि युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका, यूएई एवढे देश निवडून ठेवा. नियम झाल्यावर वकिलाकडे येणारे सगळेच असतात, वरातीमागून घोडं. मसुदा असताना फोन करून ‘या रसायनाची मर्यादा खाली येतेय’ सांगणाऱ्याला निर्यातदार दर महिन्याला पैसे देतो. माझ्या कार्यालयाच्या भाड्याचा मोठा भाग याच कामातून निघतो.

पहिली तीन-चार वर्षं उत्पन्न कमी असेल, हे स्वच्छ सांगते. पुण्यातल्या कॉर्पोरेट फर्मला गेलेला वर्गमित्र पुढे दिसेल. काम हंगामी असतं. जानेवारी ते मे जेवायला वेळ नाही, पावसाळ्यात वाचायला वेळच वेळ.

येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा वडिलांकडून गेल्या हंगामाची बागेची फाइल मागून घ्या. प्लॉट नोंदणी, फवारणीची वही, रेसिड्यू अहवाल, ॲगमार्क (दर्जाचा दाखला), फायटो (वनस्पती-आरोग्याचा दाखला), शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), आणि शेवटी आलेली पट्टी. सगळे एकावर एक लावा आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा, हा कागद कोणत्या कायद्याने मागितला: इथल्या, तिथल्या, की निव्वळ खरेदीदाराच्या मर्जीने. तिसऱ्या प्रकारचे कागद तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघतील. ती यादी मला पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.